डावी कूस

"शर्ट काढ, काशा, आणि टेबलावर आडवा हो," उमराणी साहेब म्हणाले.

दुपारचे तीन वाजले होते. दिवसाची ऑपरेशनं उरकली होती, फरशी पुसून झाली होती. मी शर्ट काढला आणि ज्या टेबलावर बारा वर्षं दुसऱ्यांना झोपवत आलो होतो त्यावर स्वतः झोपलो. रेक्झिन गारढोण होतं. साहेबांनी जांभळ्या मार्करनं माझ्या गळ्याच्या खळीपासून खाली पोटाच्या सुरुवातीपर्यंत एक सरळ रेघ ओढली.

"हे पुढचं दार. छातीचं हाड मधोमध करवतीनं कापायचं आणि दोन्ही फळ्या बाजूला सारायच्या. हृदयासमोर बसलेली गाठ अशी पुढ्यात येते. दोन्हीकडं हात पोचतो."

मग मला कुशीवर वळवून काखेखालून पाठीपर्यंत एक वाकडी रेघ. "हे बाजूचं दार, दोन बरगड्यांमधून. फुप्फुसाची गाठ असेल तर झकास. पण मधल्या मोठ्या गाठीला या दारानं गेलास तर पलीकडच्या अंगाला काय दडलंय ते दिसत नाही. आंधळी कोशिंबीर."

तिसरी रेघ छातीखालून आडवी, या काखेपासून त्या काखेपर्यंत. "आणि हे गाडीचं बॉनेट. उघडलं की सगळं इंजिन समोर. पण माणूस पुढं महिनाभर विव्हळतो."

"मग आपण कुठलं उघडायचं, साहेब?"

'आपण' म्हणालो मी. मी ओटीतला, म्हणजे ऑपरेशन थिएटरातला, अटेंडंट. पेशंट ट्रॉलीवरून आणायचा, टेबलावर घ्यायचा, हातपाय पट्ट्यांनी बांधायचे, कुठं वाळूची पिशवी, कुठं चादरीची गुंडाळी लावून हवा तसा बसवायचा. एवढंच काम. पण ते माझ्यासारखं कुणाला जमत नव्हतं, हे मला ठाऊक होतं आणि साहेबांनाही.

"पुढचं," ते म्हणाले. "दस्तगीरची गाठ मधोमध आहे, नारळाएवढी. उजवीकडं जास्त, पण एक फाटा डावीकडच्या मोठ्या शिरेला जाऊन चिकटलाय. पुढून गेलो तर सगळी निघेल. सगळी निघाली तर गडी म्हातारा होऊन मरेल. तुकडा राहिला तर तो पुन्हा वाढणार. म्हणून एकदम सपाट झोपवायचा. एक इंच इकडं तिकडं नको. उद्या तुझं काम माझ्याइतकंच."

त्या शेवटच्या वाक्यानं माझं डोकं फिरलं. आमच्या जिल्ह्याच्या सरकारी हॉस्पिटलात तोवर हर्निया, अपेंडिक्स, पित्ताशय, असलंच चालायचं. छातीतली एवढी गाठ काढायची वेळ पहिलीच. साहेब मुंबईत शिकून आलेले, वर्षभर अशा केसची वाट बघत होते. आणि मीही. साहेबांच्या ओटीतला मी, म्हणजे थोडा साहेब मीच, असं मला वाटायला लागलं होतं. त्या दिवशी मी छातीवरच्या रेघा न धुता घरी गेलो. बायकोला दाखवल्या. ती म्हणाली, "येड लागलंय तुम्हाला."

पण त्याआधी साडेतीनला भूल देणाऱ्या नाफडे मॅडमनी मला गाठलं. आमच्याकडं भूल देणाऱ्या डॉक्टर दोन. एक रजेवर, दुसऱ्या या. त्यांच्या हातात एका सिझेरियनचे कागद, मागं दुसऱ्या सिझेरियनचे नातेवाईक.

"काशिलिंग, ऐक. त्या दस्तगीर नदाफला बेडवर सरळ पाठीवर झोपव. उशी नाही. बोटाला ऑक्सिजन मोजायचं मशीन लाव. पंधरा मिनिटं बस शेजारी. नव्वदच्या खाली गेलं की उठव आणि मला फोन कर. खरं तर हे मीच बघायचं, पण बघतोयस ना?"

"मी करतो, मॅडम."

"नीट समजून घे. गाठ श्वासनळीवर बसलीय. जागा असताना तो स्वतःच्या ताकदीनं श्वास ओढतोय. भूल दिली की अंग सैल पडतं आणि गाठ वरून दाबते. सरळ झोपता येत नसेल तर हे ऑपरेशन इथं होणारच नाही. मुंबईला पाठवायचा. तिथं आधी जांघेतून नळ्या घालून रक्त फिरवणारं मशीन जोडतात, मग भूल देतात. कळलं?"

"कळलं."

कळलं होतं. अगदी नीट कळलं होतं. अडाणी होतो म्हणून झालं, असं मला म्हणता येत नाही.

दस्तगीर पाच नंबरच्या बेडवर टेकून बसला होता. अडतीस वर्षांचा, लांब बोटांचा, गालफडं बसलेला. गाद्या भरायचा धंदा. वडिलांच्या काळी धनुकलीनं कापूस पिंजायचे, याच्याकडं मशीन. त्याची बायको जैबून खाली चटईवर मोसंबी सोलत होती.

"या काशीभाऊ," तो म्हणाला. बोलताना मधे मधे थांबायचा. "तुमच्या सरकारच्या गादीत कापूस न्हाई, ढेकळं हाईत. बरा झालो की... तुमच्या ओटीला एक गादी फुकट."

"आमच्या टेबलावर गादी चालत नाही, दस्तगीरभाई. तिथं झोपलेल्याला कळतच नाही गादी हाय का फरशी."

जैबून तोंडाला पदर लावून हसली. "ह्यांना इचारा की, शेवटचं आडवं कधी झोपले. सगळ्या गावाला गाद्या देतात आन् आपण भिताडाला टेकून बसतात रातभर."

मी पडदा ओढला, तिला बाहेर थांबायला सांगितलं. उशी काढली. त्याला पाठीवर सरळ केला. बोटाला मशीन लावलं. पंच्याण्णव. पहिल्या मिनिटाला त्र्याण्णव. दुसऱ्या मिनिटाला त्याच्या गळ्याच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. चौथ्या मिनिटाला शहाऐंशी. ओठ जांभळे पडले, त्यानं माझं मनगट असं धरलं की पुढं दोन दिवस वळ होता. मी त्याला उठवून बसवला. घोटभर पाणी दिलं.

दम परत आल्यावर तो म्हणाला, "तसं न्हाई जमत. डाव्या कुशीवर जरा कलतं झालं की जमतंय. हे बघा." आणि तो डावीकडं कलंडला. उजवा खांदा वर. श्वास आला. मशीनवर आकडा चढत चढत शहाण्णव.

आता मी उठून मॅडमना फोन करायचा होता. वॉर्डातला फोन सहा पावलांवर होता.

"हे मॅडमना सांगितलं तर तुला मुंबईला धाडतील," मी म्हणालो.

"मग जाऊ की मुंबईला," तो म्हणाला. "मेव्हणा हाय तिथं. घाई काय हाय?"

हे त्याचं वाक्य मी बदललेलं नाही. 'जाऊ की' म्हणाला तो. त्यानं माझ्या हातापाया पडून मला खोटं बोलायला लावलं, असं मी पुढं किती वर्षं स्वतःला सांगून बघितलं. जमलं नाही.

"तिथं कोण विचारतं रे तुला?" मी म्हणालो. "तीन महिने तारखा देत बसतील. फुटपाथवर झोपशील. इथं उमराणी साहेब हायेत, देवमाणूस. सगळी तयारी झालीय. आणि टेबलावर झोपवणार कोण? मीच ना? तू कसा झोपतोस ते मला कळलं, बस. मी तुला तसाच लावतो. आमच्यावर भरवसा न्हाई काय तुझा?"

"तसं न्हवं, काशीभाऊ."

"मग?"

"तुम्ही म्हणता म्हणजे..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही.

मी कपाटातून चादर काढली. चार घड्या घातल्या, घट्ट गुंडाळली, मनगटाएवढी केली आणि त्याच्या पाठीखाली उजव्या बाजूला सारली. वरून दुसरी चादर ओढली. बघणाऱ्याला माणूस सपाट झोपलाय असंच वाटलं असतं. असलं काम माझ्या हातचा मळ. पंधरा मिनिटं झाली. शहाण्णव. मी कागदावर लिहिलं : सरळ झोपला, १५ मिनिटे, ९६. लिहिताना अक्षर मुद्दाम चांगलं काढलं.

मॅडम सिझेरियनच्या दारात भेटल्या. हातमोजे काढत त्यांनी कागद बघितला.

"उशी नव्हती?"

"नव्हती."

"नक्की?"

"नक्की, मॅडम."

त्यांनी भिंतीला कागद टेकवून सही केली.

सकाळी साडेआठला दस्तगीर टेबलावर होता. मी ती गुंडाळी आधीच लावून ठेवली होती, निळ्या कापडाखाली. तो माझ्याकडं बघून हसला. त्यानं डोळ्यानंच विचारलं, मी मान हलवली. मॅडम त्याच्या डोक्याशी, सुई तयार. साहेब हात धुऊन आत आले, दोन पावलं मागं राहून त्यांनी छाती न्याहाळली, जशी गवंडी भिंत न्याहाळतो.

"काशा, तिरका आहे हा."

"नाही साहेब."

"अरे, उजवी बाजू वर आहे. मला मधोमध हाड पाहिजे." त्यांनी सिस्टरला खूण केली. तिनं हात घातला आणि गुंडाळी बाहेर ओढली. "हे काय ठेवलंयस? काढ ते."

दस्तगीर पाठीवर सपाट झाला. त्याच्या नाकपुड्या फुलल्या. तो माझ्याकडं बघत होता. सगळ्या ओटीत तो एकट्या माझ्याकडं बघत होता.

तेव्हा बोलायचं होतं. एक शब्द. 'थांबा.' सुई अजून टोचली नव्हती. त्याला उठवून बसवला असता, शिव्या खाल्ल्या असत्या, नोकरी कदाचित गेली असती. मी म्हणालो, "चुकून राहिली, साहेब."

मॅडमनी औषध सोडलं.

पुढचं फार भरभर झालं. त्याचे डोळे मिटले, अंग सैल पडलं. मॅडमनी घशातून नळी घातली, हवेचा फुगा दाबला. फुगा दबेना. "दगड झालाय," त्या म्हणाल्या. नळी काढून पुन्हा घातली. पुन्हा दगड. मशीनचा टीं टीं आवाज आकड्याबरोबर खाली उतरतो, जसजसा आकडा पडतो तसतसा जड होत जातो. नव्वद. ब्याऐंशी. एकाहत्तर. सिस्टर पुटपुटायला लागली. साहेब म्हणाले, "उघडू का? छाती उघडून गाठ उचलतो." मॅडम ओरडल्या, "तेवढा वेळ नाहीये, सर!" अठ्ठावन्न.

मी पायाशी उभा होतो. मला माहीत होतं. त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं. आणि मी त्या वेळी काय विचार करत होतो ते लिहितो, कारण लिहायचं तर हेच लिहायला पाहिजे. मी विचार करत होतो की आता 'डावीकडं वळवा' म्हणालो तर विचारतील, तुला कसं माहीत?

भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा सहावर होता, मी तोंड उघडलं तेव्हा दोनवर पोचला होता.

"डाव्या कुशीवर घ्या!"

कुणी विचारलं नाही. मी आणि सिस्टरनं त्याला उचकटून डावीकडं वळवला. मॅडमनी फुगा दाबला आणि फुगा दबला. छाती हलली. आकडा तिथंच थांबला, थरथरला आणि चढायला लागला. मॅडमनी कपाळ माझ्या बाजूच्या सलाइनच्या सळईला टेकवलं. त्या रडत होत्या बहुतेक. मास्कमुळं कळलं नाही.

"जागा करायचा?" साहेबांनी विचारलं.

"आता उठवला आणि नळी काढली तर पुन्हा घालता येईल याची खात्री नाही. करायचं तर आत्ताच. पण पाठीवर येणार नाही हा, सर. असाच."

साहेब क्षणभर त्या उघड्या, कुशीवर पडलेल्या बरगड्यांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बाजूचं दार."

साडेपाच तास चाललं. उजवीकडची सगळी गाठ निघाली, स्टीलच्या भांड्यात मावेना. डावीकडच्या फाट्यापर्यंत हात पोचला नाही. रक्ताच्या सहा पिशव्या होत्या, सहाही संपल्या. एकदा साहेबांची बोटं त्या शिरेच्या जवळ गेली आणि भसकन रक्त आलं तेव्हा त्यांनी दाबून धरलं आणि डोळे मिटून घेतले. "बस," म्हणाले. "राहू दे तो तुकडा. शिवा."

बाहेर जैबून उभी होती. साहेब तिला म्हणाले, "जगला. ह्याच्यामुळं जगला," आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "एक फाटा राहिलाय, त्याचं पुढं बघू."

तिनं माझे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले. मी ते काढून घेतले नाहीत.

आठवडाभर मी हॉस्पिटलात हिरो होतो. कँटीनवाला चहा पुढं करायचा. ज्युनियर डॉक्टर विचारायचे, "काशा, तुला कसं रे सुचलं?" मी म्हणायचो, "चेहरा बघून कळतं. बारा वर्षं झाली." काही दिवसांनी मला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं.

नाफडे मॅडमना वाटलं नाही. स्टोअरच्या बोळात त्यांनी मला थांबवलं. आवाज चढवला नाही.

"पंधरा मिनिटं सरळ झोपला होता तो?"

"हो, मॅडम."

"शहाण्णव?"

"हो."

"त्या कागदावर सही माझी आहे, काशिलिंग. मी स्वतः बघितलं नाही, तरी सही केली. त्याचं मी बघेन. पण मी त्याला मुंबईचं पत्र देतेय. राहिलेला फाटा तिथं मशीन लावून पुढून काढता येईल, साहेबांचंही तेच मत आहे. तिथले डॉक्टर त्याला पहिली गोष्ट हीच विचारणार, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नेमकं काय झालं होतं. तो सांगेल. तेव्हा तुला काही आठवत असेल तर आत्ता सांग."

"काही नाही, मॅडम."

त्या गेल्या. तो सांगेल. दस्तगीर सांगणारच. साधा माणूस, विचारलं की सांगेल. चादर, गुंडाळी, सगळं.

सतराव्या दिवशी त्याला घरी सोडायचं ठरलं. मी गेलो तेव्हा तो कपडे घालून बेडवर बसला होता, टेकण न घेता. गालांवर थोडं रक्त आलं होतं. हातात मुंबईचं पत्र. जैबून पिशव्या भरत होती.

"काशीभाऊ, बसा." त्यानं पाय आखडून जागा केली. "मी रातच्याला सरळ झोपलो. पाठीवर! हिला उठवून दाखवलं."

"झोपमोड केली माझी," जैबून म्हणाली. "बघ बघ म्हणत होते. झोपलेल्या माणसाला काय बघायचं?"

तो हसला आणि दुखलं म्हणून बरगड्या धरल्या. मग पत्र माझ्यापुढं केलं. "हे काय ते तुम्ही सांगा. साहेब इंग्लिशमधे बोलले अर्धं. उरलेली गाठ तिथं निघंल म्हणतात. आता मेव्हण्याला फोन लावायचा का? जायचं का मी?"

मी पत्र घेतलं. वाचल्यासारखं केलं.

"काशीभाऊ, तुम्हीच तिथं होता. मी तर बेशुद्ध." त्यानं आवाज खाली आणला, जैबूनला ऐकू जाऊ नये म्हणून. "एक इचारू? त्या दिवशी आपण खरं सांगितलं असतं आन् मुंबईला गेलो असतो, तर सगळी निघाली असती काय?"

आरोप नव्हता त्यात. 'आपण' म्हणाला तो. माझं खोटं त्यानं स्वतःच्याही अंगावर घेतलं होतं. त्याला फक्त जाणून घ्यायचं होतं, जसं शिंप्याला विचारावं की हे कापड पुरलं असतं का.

"नाही," मी म्हणालो. "तिथंही तेवढीच निघाली असती. फाटा शिरेला चिकटलाय. तो कुणाच्या बापाला निघत नाही."

"मग आता जाऊन?"

"आता जाऊन काय? पुन्हा फाडतील. हाड कापतील करवतीनं. शिकाऊ पोरं हात धुऊन घेतात अशा केसवर. तू बरा झालायस की आता. पाठीवर झोपतोयस. लिहून द्यावं लागतं म्हणून देतात ही पत्रं."

जैबूनचा हात पिशवीत थांबला होता. तिनं ऐकलं होतं शेवटचं. तिच्या चेहऱ्यावर एवढी सुटका दिसली की मला वाटलं, आपण बरोबरच बोललो.

"मग ऱ्हाऊ दे," दस्तगीर म्हणाला. "तुम्ही सांगितलं, बरं झालं. उगाच मेव्हण्याच्या डोक्यावर जाऊन बसलो असतो."

मी त्याची पिशवी उचलून रिक्षापर्यंत नेली.

मॅडमनी महिन्याभरानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, घरचे नको म्हणाले. दोनदा त्यांनी त्याच्या पत्त्यावर कार्ड टाकलं. तो आला नाही. पुढल्या वर्षी त्यांनी सरकारी नोकरी सोडली. कुठं गेल्या कळलं नाही. उमराणी साहेबांनी पुढं बऱ्याच छात्या उघडल्या, आणि प्रत्येक वेळी माणूस सरळ झोपतो की नाही हे स्वतः घड्याळ लावून बसून बघितलं. ते काम मला पुन्हा कधी सांगितलं नाही.

सोळा महिन्यांनी एका सकाळी मी ओटीत टेबल लावत होतो. फोन आला. जैबून होती.

"काशीभाऊ, हे गेले. काल दुपार कलताना, असरच्या नमाजाच्या वक्ताला."

मी हातातली वाळूची पिशवी टेबलावर ठेवली.

"शेवटचे दोन महिने लई हाल झाले. गाठ वाढली होती म्हणे. पुन्हा बसून ऱ्हायचे रातभर. पण घरात होते, पोराबाळांत होते. तुम्ही त्या दिवशी सांगितलं नसतं तर आम्ही मुंबईला न्हेऊन फाडून घेतलं असतं त्यांना, आन् परक्या गावात मेले असते. शेवटपर्यंत तुमचं नाव काढत होते. तुमचे उपकार हाईत आमच्यावर, भाऊ."

"असू दे, भाभी," मी म्हणालो.